जुन्या घराची डागडुजी आणि विजेची नवी जोडणी

पावसाळा सरून भाताची मळणी आटोपली की गोमंतकातील खेडोपाडी घरांच्या डागडुजीला आरंभ होतो. पूर्वी या कामाचा व्याप मर्यादित असे. कौले परतावी, फुटकी बदलावी, वाळवी लागलेला एखादा वासा काढून नवा घालावा, भिंतींना चुन्याचा हात द्यावा, की घर पुढच्या पावसाला तोंड देण्यास सज्ज होई. अलीकडे मात्र डागडुजी म्हणजे घराच्या अंतर्भागाचे नूतनीकरणच होऊन बसले आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी लाद्या येतात, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा येतो, परसातील न्हाणीघर घरात येते, दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग बसते. या कामांवर कुटुंबाची अनेक वर्षांची शिल्लक खर्ची पडते. तथापि या खर्चाच्या यादीत विजेच्या तारांचा क्रम बहुधा शेवटचा असतो आणि पुष्कळदा तेथवर पैसा पोचतच नाही. लाद्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडतात. तार कोणालाच दिसत नाही.

हे दुर्लक्ष घातक का, हे कळण्यासाठी ती तार मुळात केव्हा व कशी बसविण्यात आली हे पाहणे अगत्याचे आहे.

पट्टीवरची तार

गोवा १९६१ साली मुक्त झाला. गावोगावच्या घरांत वीज पोचली ती प्रामुख्याने त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत. त्या काळची जोडणी जुन्या घरांतून आजही पाहावयास मिळते. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकलेली, पट्टीवर पत्र्याच्या लहान चिमट्यांत धरलेल्या दोन तारा, मध्येच लाकडी ठोकळ्यावर काळे गोल बटण, आणि दारावर चिनीमातीच्या फ्यूजांची जोडी. काही घरांत तारा लाकडी खोबणीत घालून वरून झाकणपट्टी बसवलेली असते. सुताराचे हे काम पुष्कळदा इतके नेटके असते की ते काढून टाकावयास मालकाचे मन होत नाही.

दोष पट्टीत नाही, तारेत आहे. त्या काळी वापरात असलेल्या एका प्रकारच्या तारेत तांब्यावर रबराचे वेष्टण आणि रबरावर सुताची वीण असे. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते आणि ते गंधक तांब्याला खाते. म्हणून तांब्यावर कथिलाचा मुलामा देण्यात येई. तांबे अशा रीतीने सुरक्षित राहिले, परंतु रबराचे आयुष्य काही वाढले नाही. उष्णतेने व काळाने ते कडक होते, त्यास चिरा जातात, आणि अखेरीस त्याचा भुगा होतो. बाहेरची सुती वीण मात्र जागच्या जागी असते. त्यामुळे वरून पाहणाऱ्यास तार धडधाकट वाटते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. अशी तार जोवर कोणी हलवीत नाही तोवर ती बहुधा निमूटपणे काम देत राहते, कारण वाळलेले रबर जागेवर चिकटून असते. डागडुजी सुरू झाली की भिंतीवर हातोडा पडतो, पट्टी निखळते, तार वाकते, आणि त्याच क्षणी आतील रबर गळून तांबे उघडे पडते. म्हणजे जी तार पन्नास वर्षे स्वस्थ होती ती घर सजविण्याच्या हौसेने धोक्याची बनते. “जुनी तार चालते आहे, तिला कशाला हात लावायचा” हे म्हणणे ज्या घरात गवंडी-सुतार शिरलेलाच नाही तेथे कदाचित क्षम्य ठरेल. दुरुस्ती चालू असलेल्या घरात ते मुळीच ग्राह्य नाही.

पुढे रबराच्या जागी पीव्हीसीचे वेष्टण आले. हे वेष्टण अधिक टिकाऊ होते. परंतु देशात तांब्याचा तुटवडा असल्याने आतली तार पुष्कळ ठिकाणी अॅल्युमिनियमची असे. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेने जो थर धरतो त्यातून वीज सहज वाहत नाही. शिवाय हा धातू मऊ असल्यामुळे स्क्रूखाली दाबला जाऊन हळूहळू सैल होतो. पुढे कोणी त्याच तारेला तांब्याची नवी तार पिळून जोडली, तर दोन धातूंच्या त्या जोडास समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत गंज धरतो.

सैल किंवा गंजलेला जोड म्हणजे काय अनर्थ, हे एका लहानशा हिशेबाने समजेल. अशा जोडाचा विरोध केवळ अर्धा ओहम धरला आणि त्यातून २००० वॅटच्या गिझरचा सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या जोडात सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा डाख देण्यासाठी जे विजेचे हत्यार वापरतो ते साधारणतः २५ वॅटचे असते. त्याहून प्रखर हत्यार वाळक्या लाकडी छतात रोज सकाळी अर्धा तास पेटवून ठेवण्यासारखेच हे आहे. आणि फ्यूज मात्र जात नाही. कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

भार किती वाढला

ज्या काळी ही जोडणी झाली त्या काळी चार खोल्यांच्या घरात साठ वॅटचे चार दिवे, दोन पंखे आणि एखादा रेडिओ असे. हा सर्व भार सुमारे ४०० वॅटचा, म्हणजे दोन अँपिअरहूनही कमी. त्याच घरातील चतुर्थीची सकाळ आज पाहावी. न्हाणीघरात गिझर २००० वॅट, ओट्यावर विजेची शेगडी आणखी २०००, विहिरीवरचा पंप सुमारे १०००, नारळ वाटणारा मिक्सर ५००, फ्रिज २००. बेरीज ५७०० वॅट. प्रवाह जवळजवळ २५ अँपिअर. तार तीच.

अशा वेळी जुना फ्यूज वितळतो. फ्यूज वितळणे म्हणजे तारेने केलेली तक्रार होय. परंतु सणाच्या घाईत कोणी तरी त्यात तांब्याच्या तारेचे दोन-तीन पदर घालून मोकळा होतो, आणि तक्रार करण्याची सोयच नाहीशी होते. यानंतर वितळण्याची पाळी फ्यूजची राहत नाही, भिंतीतल्या तारेची येते. जुन्या घरांची तपासणी करताना जाणत्या वायरमनचा हात प्रथम फ्यूजकडे जातो तो याचसाठी. त्यातील तारेची जाडी पाहिली की त्या घराचा इतिहास कळतो.

शिक्षकांना या हिशेबाचा शाळेत चांगला उपयोग करता येईल. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर त्याचा वॅटमधील भार छापलेला असतो. आपल्या घरातील उपकरणांची यादी करून, वॅटच्या बेरजेस २३० ने भागून अँपिअर काढावे, इतके गणित आठवी-नववीच्या मुलांच्या आवाक्यातील आहे. मुलाने वहीत मांडलेला आकडा कित्येकदा वडिलांना पटतो; खात्याचे पत्रक पटत नाही.

तिसरी तार

जुन्या जोडणीतील सर्वांत मोठी उणीव तारेच्या जीर्णतेची नसून अभावाची आहे. त्या घरांतून दोनच तारा फिरतात: एक फेज, दुसरी न्यूट्रल. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, असलीच तर एखाद्या जाड प्लगापुरती असते. दिवा व पंखा यांचे काम दोन तारांवर भागते. परंतु फ्रिज, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र, पंप ही उपकरणे धातूच्या कवचाची आणि बहुधा पाण्याच्या सान्निध्यातील. आतील फेज तार सुटून कवचाला लागली तर कवचात वीज उतरते, आणि ओल्या हातांनी त्यास स्पर्श करणारी व्यक्ती हीच जमिनीत जाण्याची वाट बनते. घरात हे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्यास येते, ही गोष्ट घरातील कर्त्या पुरुषांनी खर्चाचा क्रम लावताना विसरू नये.

अर्थिंगची तार नसलेल्या घरात एक घातक तोड काही कारागीर सर्रास करतात. प्लगच्या वरच्या मोठ्या छिद्राला, म्हणजे अर्थच्या जागेला, आतल्या आत न्यूट्रलशी जोडून देतात. तपासणीचा दिवा लागतो आणि मालकाचे समाधान होते. परंतु पुढे कधी न्यूट्रलची तार मागे कोठे तुटली, तर फेजचा सगळा दाब उपकरणातून न्यूट्रलवर व तेथून थेट फ्रिजच्या दारावर येतो. ज्या तारेने रक्षण करावयाचे तीच मारक होते. असा जोड आढळल्यास तो त्वरित काढून टाकावा. त्यापेक्षा अर्थिंग नाही हे उघड असलेले बरे.

दुसरा प्रकार नकळत घडतो. पूर्वी पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असे. ही पद्धत तेव्हाही चांगली नव्हती, परंतु पाइप जमिनीत दूरवर गेलेला असल्याने काही ना काही काम होत असे. आता न्हाणीघर नवे करताना लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवितात. नळ चकचकीत होतात, पाणी सुरळीत येते, आणि संपूर्ण घराचे अर्थिंग त्या दिवसापासून नाहीसे झाल्याचे कोणाच्या गावीही नसते. नळकाम करणारा व वीजकाम करणारा यांची गाठ पडत नाही हे याचे कारण. घरमालकाने ही गाठ मुद्दाम घालून द्यावी.

नवे अर्थिंग करताना घराच्या भिंतीपासून निदान दीड मीटर दूर खड्डा घेऊन त्यात जस्ताचा मुलामा दिलेला किमान अडीच मीटर लांबीचा पाइप उभा पुरतात, अथवा ६० सेंटिमीटर चौरस पत्रा बसवितात. जागा शक्यतो ओलीची असावी. न्हाणीचे किंवा माडाच्या आळ्याचे पाणी जेथे मुरते ती जागा योग्य. आपल्याकडील जांभ्याची जमीन उन्हाळ्यात खोलवर कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत वीज सहज मुरत नाही. म्हणून पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर विसंबू नये. मोजमाप एप्रिल-मे महिन्यांत करून पाहावे.

अर्थिंग पुरेसे का नाही

येथे सर्वसाधारण समजुतीतील एक गफलत दूर करणे आवश्यक आहे. अर्थिंग केले आणि फ्यूजच्या जागी एमसीबी बसविली म्हणजे काम झाले असे मानले जाते. तसे नाही. समजा, खड्ड्याचा विरोध १० ओहम आहे, जो आपल्या जमिनीत बराच चांगला मानावा लागेल. गिझरच्या कवचाला फेज लागली तर त्या वाटेने २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. गिझरची एमसीबी १६ अँपिअरची असेल तर २३ हा तिच्या दृष्टीने किंचित जादा भार ठरतो. तो तोडावयास तिला कित्येक मिनिटे, प्रसंगी तासभरही लागतो. उन्हाळ्यात खड्डा सुकून विरोध ४० ओहम झाला तर प्रवाह सहा अँपिअरही होत नाही आणि एमसीबी कधीच पडत नाही. तोवर गिझरचे कवच जिवंत असते.

माणसाच्या बाबतीत तर ती सर्वथा निरुपयोगी आहे. ओल्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून पाव अँपिअरहून कमी प्रवाह जातो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. माणसाचे हृदय बंद पाडावयास मात्र याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे; हा भेद विक्रेते क्वचितच सांगतात.

माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे साधन असते. तिचे तत्त्व सोपे आहे. सकाळी गोठ्यातून जितकी गुरे बाहेर गेली तितकी सायंकाळी परत आली पाहिजेत. एक जरी कमी भरले तरी गुराखी शोधास निघतो. त्याचप्रमाणे हे साधन फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते. त्यात ३० मिलिअँपिअरची, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भागांची तफावत पडली, की वीज कोठे तरी वाट सोडून चालली आहे असे समजून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. अर्थिंगचा खड्डा सुकलेला असला तरी इतक्या अल्प प्रवाहास तो वाट देतोच. म्हणून खड्डा आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकीवाचून दुसरीचे काम अपुरे राहते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. ३०० मिलिअँपिअरची मिळते ती आगीपासून काहीसे संरक्षण देते, जीव वाचवीत नाही.

सामायिक घरांचा प्रश्न

गोमंतकात अशी घरे पुष्कळ आहेत की ज्यांचा चौक एक, देवघर एक, परंतु चुली तीन व मीटरही तीन. एरव्ही दोन दारांना कुलूप असते आणि चतुर्थीला सगळे भाऊबंद एकत्र येतात. अशा घरात वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या गेल्या, तारा वाटल्या गेल्या नाहीत. मधल्या चौकातील दिव्याची फेज थोरल्याच्या मीटरवरून आणि न्यूट्रल धाकट्याच्या मीटरवरून येते असे सहज आढळते. दिवा लागतो, बिलाचीही कोणाची तक्रार नसते.

मात्र यात दोन धोके आहेत. धाकट्याने आपला मुख्य स्विच बंद करून दुरुस्ती आरंभिली तरी त्याच्या बाजूच्या न्यूट्रलमधून थोरल्याच्या दिव्याचा प्रवाह वाहत असतो. तो जोड सोडविताना, वीज बंद आहे अशा भरवशावर असलेल्या माणसास धक्का बसतो. दुसरे असे की, दोघांपैकी कोणीही आरसीसीबी बसविली की ती तत्काळ पडते, कारण गेलेली गुरे दुसऱ्याच्याच गोठ्यात परतलेली असतात. मग कारागीर ते साधन सदोष ठरवून काढून टाकतो आणि घर पूर्ववत असुरक्षित राहते. वस्तुतः साधनाने आपले काम चोख केलेले असते. दोष तारांच्या वाटणीत असतो. तेव्हा सामायिक घरात एका भावाने आपल्यापुरती दुरुस्ती काढली तरी तारांच्या तपासणीस सर्वांनी संमती देणे आणि चौक, देवघर, जिना यांसाठी स्वतंत्र जोडणी कोणाच्या मीटरवर असेल हे ठरविणे इष्ट. मंदिरांच्या अग्रशाळांत आणि जुन्या इमारतींतून भरणाऱ्या शाळांतही, वेळोवेळी वाढवलेल्या खोल्यांमुळे, हाच गुंता दिसून येतो. पंचायतींनी व देवस्थानांच्या समित्यांनी यात लक्ष घालावे.

कामाचा क्रम

सर्वांत सामान्य चूक क्रमाची आहे. प्रथम छत बसते, मग रंग होतो, आणि अखेरीस वायरमन येऊन नव्या भिंतीवर कोठून तार न्यावी याचा विचार करू लागतो. अशा वेळी तो छतावरच्या पोकळीत जुन्याच तारेला नवी जोडून मोकळा होणार, यात त्याचा दोष थोडा. म्हणून छपराची गळती थांबली की लगेच, गिलाव्यापूर्वी, विजेच्या कामाचा आराखडा पक्का झाला पाहिजे. घरच्या मंडळींनी वायरमनबरोबर खोलीखोलीतून फिरून दिवा कोठे, प्लग कोठे, गिझर कोठे हे भिंतीवर खडूने मांडावे. स्वयंपाकघरातील जागा स्वयंपाक करणाऱ्यांनीच ठरवाव्यात. असे केले म्हणजे पुढे लांब दोरीचे जोड-बोर्ड लाद्यांवरून ओढत नेण्याची पाळी येत नाही.

त्यानंतर जुनी जोडणी संपूर्ण काढावी. निम्मी नवी, निम्मी जुनी असा व्यवहार करू नये. पूर्वी सांगितल्याप्रमाणे हलवलेली जुनी तार अधिक धोक्याची असते, आणि कोणती तार जिवंत व कोणती मृत हे पुढे कोणालाच उमगत नाही. काळी गोल बटणे व चिनीमातीचे फ्यूज शोभेसाठी ठेवण्याची हौस हल्ली वाढली आहे, विशेषतः जी जुनी घरे प्रवाशांना राहावयास देतात त्यांत. ती भिंतीवर खुशाल ठेवावीत. त्यांत वीज असू नये. परका माणूस ज्या घरात राहतो त्या घराची जबाबदारी अधिकच असते.

नवी तार भिंतीत पुरावी की वरून न्यावी, याविषयी कारागीर भिंतीत खाच पाडून पाइप पुरण्याचा आग्रह धरतात. काँक्रीटच्या घरात ते ठीक. आपली जुनी भिंत जांभ्याची, पुष्कळदा मातीत बांधलेली असते. तिला लांब आडव्या खाचा पाडल्या तर ती कमकुवत होते आणि सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणारी तीच भिंत ओल शोषून पाइपात उतरवते. अशा घरांत भिंतीवरून नेलेली झाकणपट्टी अथवा पाइप हाच मार्ग श्रेयस्कर. ती नेटकी बसवल्यास वाईट दिसत नाही, आणि पुढे तपासणीसाठी उघडता येते. लाकडी छतावरील पोकळीत तर तार उघडी मुळीच टाकू नये. तेथे उंदरांचे राज्य असते व उंदीर पीव्हीसी कुरतडतो. तार जाड पाइपातून न्यावी आणि जोड फक्त डबीत, हात पोचेल अशा ठिकाणीच करावेत. उघड्या प्लगांच्या छिद्रांत कुंभारीण माशी मातीचे घर करते. ते खिळ्याने उकरण्याचा मोह मुलांना होतो. झडपेचे प्लग आता सर्वत्र मिळतात, तेच घ्यावेत.

तारेच्या जाडीविषयी साधारण प्रघात असा: दिव्या-पंख्यांसाठी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगांसाठी २.५, गिझर व वातानुकूलन यंत्र यांसाठी प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर, आणि मीटरपासून मुख्य फळीपर्यंत भार पाहून ६ अथवा १०. वेष्टणावर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी. फेज तांबडी, पिवळी अथवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी, हे रंग कोणत्याही सबबीवर बदलू देऊ नयेत. “काळी संपली म्हणून हिरवी वापरली” हा खुलासा पुढच्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतो. न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज असू नये. जुन्या फळ्यांवर फ्यूजांची जी जोडी दिसते तिच्यातील न्यूट्रलचा फ्यूज आधी गेला, तर दिवा विझतो पण घर जिवंतच राहते. बाल्कांव, अंगणातील तुळशीवृंदावनाचा दिवा, पंप व न्हाणीघर यांना वेगळी आरसीसीबी द्यावी, म्हणजे पावसात अंगणातील एका दिव्यापायी सगळे घर अंधारात जाणार नाही. पत्र्याच्या पडवीवरून किंवा कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी तारेजवळून विजेची तार नेऊ नये. या तारेमुळे माणसे दगावल्याच्या वार्ता दर पावसाळ्यात वाचनात येतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरात मुख्य स्विच बंद केल्याने सगळी वीज बंद होत नाही, ही गोष्ट काम करणाऱ्यास आधी सांगावी. जनरेटर लावावयाचा असल्यास दोन्हीकडील पुरवठा एकाच वेळी येऊ न देणारा बदल-स्विच हवाच. तो नसल्यास घरातील वीज उलट्या दिशेने खांबावर जाते आणि तेथे काम करीत असलेल्या लाइनमनचा बळी घेते.

नियम व खाते

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू होती तशीच बदलणे याखेरीज इतर सर्व वीजकाम परवानाधारक ठेकेदाराकडून व प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नंतरच्या नियमांतही तो कायम आहे. गावातील ओळखीचा मुलगा हुशार असेलही. परंतु काम पुरे झाल्यावर मेगर लावून तारांच्या वेष्टणाची परीक्षा करणे आणि तिचा सहीनिशी अहवाल देणे ही जबाबदारी परवानाधारकाचीच असते. ही परीक्षा ५०० व्होल्टच्या मेगरने करतात. वेष्टणाचा विरोध एक मेगओहमहून कमी भरता कामा नये. ती छत बंद होण्यापूर्वी एकदा आणि सर्व बटणे बसल्यावर एकदा करून घ्यावी. पहिल्या परीक्षेत सापडलेला दोष तासाभरात निघतो. दुसऱ्या परीक्षेत सापडला तर रंगवलेले छत फोडावे लागते.

मीटरपर्यंतची तार व मीटर ही वीज खात्याच्या अखत्यारीतील होत. दुरुस्तीसाठी मीटर जागचे हलवावयाचे असल्यास ते खात्याकडून करून घ्यावे. गवंड्याने सील तोडून ते बाजूस टांगून ठेवणे हा अपराध तर आहेच, शिवाय ओल्या गिलाव्यात तो जिवाशी खेळ आहे. भार वाढत असेल तर मंजूर भार वाढवून मागणारा अर्ज उपविभागीय कार्यालयात वेळीच द्यावा. काही ग्राहक बिल वाढेल या धास्तीने हा अर्ज टाळतात. परंतु मंजूर भार कागदावर जुनाच राहिला, तर खांबावरून येणारी तार व रोहित्र यांची क्षमताही त्याच कागदावरून ठरविली जाते आणि सणाच्या दिवशी संपूर्ण वाड्याचा पुरवठा कोलमडतो.

कामाचा कालावधी नोव्हेंबर ते मे हा उत्तम. भिंती कोरड्या असतात, कारागीर मिळतात. चतुर्थी आठ दिवसांवर आली असताना काढलेल्या कामात जोड घाईने पिळले जातात आणि त्यांवरच माटोळीच्या दिव्यांच्या माळांचा भार येतो.

गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि कोणती तार कोठून गेली याचा साधा नकाशा कागदावर काढून मुख्य फळीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावा. सामायिक घर असल्यास त्याची एकेक प्रत प्रत्येक बिऱ्हाडाकडे असावी. आरसीसीबीवर इंग्रजी ‘टी’ अक्षराचे लहान बटण असते. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबावे. पुरवठा तत्क्षणी बंद झाला तर साधन जागे आहे. झाला नाही, तर त्याच दिवशी नवे आणून बसवून घ्यावे आणि तोवर गिझर व कपड्यांचे यंत्र लावू नये.